उन्ह, लेण, लोण : ज्वालामुखीच्या प्रदेशातील तीन शब्द

महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग लाव्हारसाचा बनलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी थरावर थर वाहून आलेल्या त्या रसाचा काळा कातळ झाला. त्यामुळे येथील सरोवर, लेणी व उष्णोदकाचे झरे ही एकाच अग्नीची अपत्ये होत, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. प्रस्तुत लेखकानेही तो बरीच वर्षे वर्गात सांगितला. विद्यार्थ्यांसमवेत कोकणातून नाशिकमार्गे लोणारपर्यंत प्रवास करताना स्थलनामांची टिपणे केली, तेव्हा तो तपासून पाहणे भाग पडले.

पालीजवळचे उन्हेरे, दापोली तालुक्यातील उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे : या तिन्ही ठिकाणी ऊन पाण्याचे झरे आहेत, आणि तिन्ही नावांच्या आरंभी एकच शब्द आहे. संस्कृत 'उष्ण', प्राकृत 'उण्ह', मराठी 'उन्ह' वा 'ऊन' हा क्रम सर्वपरिचित आहे. परंतु येथील ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वीच निवाला. त्याची ऊब आजवर टिकणे शक्य नाही. पावसाचे पाणी खडकांतील भेगांवाटे खोल उतरते, भूगर्भाच्या स्वाभाविक उष्णतेने तापते आणि भेगांवाटेच वर येते. गावकऱ्यांनी नावात उष्णता तेवढी नोंदविली. तिचे कारण सांगितले नाही. म्हणून नाव आजही खरे आहे. आमचे स्पष्टीकरण मात्र टिकले नाही.

घाट चढून नाशिकास आल्यावर दुसरा शब्द भेटतो. पांडवलेणी या नावातील 'लेणे' हा शब्द 'लयन' पासून आला. लयन म्हणजे विसाव्याचे, आश्रयाचे स्थान. क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याच्या तेथील लेखात 'लेण' आणि 'पोढी', म्हणजे पाण्याचे टाके, हे दोन्ही शब्द आहेत. त्यावरून 'लेण' या रूपाचे वय १८०० वर्षांहून अधिक ठरते. अलंकारवाचक 'लेणे' हा शब्द निराळा. ध्वनिसाम्यामुळे लेण्यांना भूमीचे अलंकार ठरविणारी काव्यमय व्युत्पत्ती संभवली, इतकेच. ज्वालामुखीने येथे पोकळी निर्माण केली नाही. त्याने दिला तो कोरण्याजोगा कातळ. पोकळी छिन्नीने घडविली. निसर्गाची ती 'गुहा' आणि मनुष्याने कोरलेले ते 'लेणे', हा भेद मराठीने राखला आहे. दोहोंना इंग्रजीच्या वळणाने 'केव्ह' म्हटले की तो लोपतो.

तिसरा शब्द बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचा. 'लवण' शब्दाचे प्राकृत रूप 'लोण' त्यात स्पष्ट आहे. उत्तरपद 'आकर', म्हणजे खाण, की 'कार', म्हणजे करणारा, याचा निर्णय ध्वनिनियमाने होत नाही. 'लवणाकर' व 'लवणकार' या दोहोंचे पर्यवसान 'लोणार' असेच होईल. अर्थ मात्र दोन्ही पक्षी मिठाकडेच नेतो, आणि सरोवराचे पाणी क्षारयुक्त आहेच. आख्यायिकेने याच लवणाचा लवणासुर केला व विष्णूच्या हातून त्याचा वध करविला. आधुनिकांची कल्पनाही फार वेगळी नव्हती. १८२३ साली अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. पुढे दीर्घकाळ सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर अनेकांनी ज्वालामुखीचे मुख मानले. अखेर १९७३ साली फ्रेड्रिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, आघाताने काचरूप झालेल्या खनिजांच्या पुराव्यावरून, ते अशनिपाताने झाल्याचे दाखविले.

सारांश, कातळ ज्वालामुखीचा असला तरी झऱ्यांची उष्णता, लेण्यांची पोकळी व सरोवराचे विवर यांपैकी एकही त्याचे कार्य नव्हे. लोकांनी दिलेल्या नावांत ही चूक नाही, कारण त्यांनी हाताला लागलेली ऊब, जिभेला लागलेला खारटपणा आणि लाभलेला आसरा एवढेच सांगितले. कारणे आपण जोडली, आणि तीही बहुधा एकाच कारणावर भार टाकून. स्थलनाम हा इतिहासाचा पुरावा खराच. परंतु तो अनुभवाचा पुरावा आहे, उत्पत्तीचा नव्हे. नवीन अभ्यासकांनी ही मर्यादा आरंभीच ध्यानी घ्यावी. प्रस्तुत लेखकाने आपल्या वर्गाच्या टिपणांत तशी दुरुस्ती केली आहे.