आसनाचे माप : हिंगोली परिसरातील स्त्रियांच्या पोशाखाचा एक इतिहास

स्त्रीच्या अंगाला नीट बसणारी, कंबरेपर्यंत चढणारी म्हणजेच ‘हाय-राइज’ जीन्स मिळणे हा प्रश्न वरवर दुकानदारीचा वाटतो. परंतु पोशाखाचे माप कोणी घ्यायचे, केव्हा घ्यायचे आणि कोणाच्या शरीरावरून घ्यायचे, हा त्याहून जुना प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा या प्रश्नाच्या अभ्यासाला विशेष उपयुक्त ठरतो, कारण कापसाची पेठ, लष्कराची छावणी आणि शिंपी कुळात जन्मलेल्या संत नामदेवांचे परंपरेने मानलेले जन्मगाव, या तिन्ही गोष्टी या लहानशा प्रदेशात एकत्र आल्या आहेत.

या भागातील स्त्रियांचा जुना पोशाख म्हणजे नऊवारी लुगडे आणि चोळी. लुगड्याचे कापड न शिवता नेसले जात असल्यामुळे त्याचे माप रोज नेसतानाच ठरे : कंबरेशी घट्ट गाठ, पुढे खोचलेल्या निऱ्या आणि पायांमधून मागे नेऊन खोचलेला कासोटा, एवढ्यावर सगळा पोशाख तोललेला असे. निंदणी-खुरपणीला किंवा कापूस वेचायला जाताना तेच लुगडे गुडघ्यापर्यंत ओढून घेता येई, गरोदरपणात तेच सैल करता येई आणि आईचे लुगडे मुलीला नेसताना त्यात काही बदल करावा लागत नसे. कासोट्यामुळे दोन्ही पाय वेगळे राहत, म्हणून चालण्या-वाकण्याच्या मोकळेपणाच्या दृष्टीने नऊवारी ही विजारीच्या जातीचीच वस्त्ररचना होती. तिचा सारा भार मात्र नितंबांवर नव्हे, तर कंबरेवर असे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

चोळी हा या पोशाखातील शिवलेला भाग. आजच्या बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड येथे विणल्या जाणाऱ्या काठाच्या अरुंद कापडाला, म्हणजे खणाला, महाराष्ट्रभर मागणी होती, आणि खणाचा फारसा तुकडा वाया जाऊ नये अशा बेताने चोळी बेतली जाई. ती पुढे गाठ मारून घालायची असल्याने शिवलेल्या वस्त्रातही शेवटचा घट्टपणा ठरवण्याचा अधिकार नेसणारीच्या हाती राहत असे. चोळी बेतणारा शिंपी हा गावगाड्यातला, म्हणजे परस्पर सेवेवर आणि धान्यरूप मोबदल्यावर चालणाऱ्या ग्रामव्यवस्थेतला कारागीर होता. बारा बलुतेदारांत त्याची गणना सहसा होत नसली, तरी अलुतेदारांच्या, म्हणजे गरजेनुसार सेवा देणाऱ्या व्यावसायिकांच्या, याद्यांत त्याचे नाव आढळते.

या व्यवसायाला या भूमीत मिळालेली प्रतिष्ठा नामदेवांमुळे आहे. हिंगोलीजवळील नर्सी नामदेव हे त्यांचे जन्मगाव मानले जाते, जरी काही अभ्यासक तो मान पंढरपूरला देतात. त्यांचा काळ इ. स. १२७० ते १३५० असा सांगितला जातो, आणि याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे त्यांना विसोबा खेचरांचा उपदेश झाला अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. शीख धर्माच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत आणि त्यांपैकी एका पदात कापड मोजण्याचा गज, कात्री, सुई आणि दोरा ही शिंप्याची हत्यारे भक्तीची प्रतीके होऊन येतात. मापाचे आणि बेतण्याचे काम मनाच्या एकाग्रतेशी जोडणारी ही दृष्टी या व्यवसायाचा खरा वारसा होय, कारण समोरच्या एका माणसाकडे नीट लक्ष दिल्याशिवाय मापाचा कपडा शिवताच येत नाही.

एकोणिसाव्या शतकात हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंटचे, म्हणजे निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेचे, एक ठाणे होते. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली. छावणीमुळे वर्दी हा शिवलेला, एकसारखा पोशाख या प्रदेशाच्या नजरेसमोर आला, पण तो पुरुषांचा होता. त्याच काळात हिंगोली ही निजामाच्या राज्यातील कापसाची मोठी पेठ म्हणून ओळखली जाई, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पूर्णा–हिंगोली लोहमार्गाने तिला बाहेरच्या बाजारांशी जोडले. पुढे शिलाई यंत्राचा प्रसार झाला, सहावारी साडीबरोबर परकर आणि ब्लाउज आले, नंतरच्या पिढ्यांत सलवार-कमीज आले. तरीही परकर-सलवारीच्या नेफ्यात, म्हणजे दुमडून शिवलेल्या वरच्या पट्टीत, नाडी होती आणि ती आवळणे-सोडणे स्त्रीच्याच हाती होते.

जीन्सने ही सोय काढून घेतली. महत्त्वाची गोष्ट अशी की जीन्सचा जन्मही एका शिंप्याच्याच हातून झाला : अमेरिकेतील नेवाडा राज्यातल्या रेनो येथील जेकब डेव्हिस याने मजुरांच्या विजारींचे खिसे उसवू नयेत म्हणून ताण पडणाऱ्या जागी तांब्याच्या रिव्हेट ठोकल्या, आणि व्यापारी लेव्ही स्ट्रॉस याच्या भागीदारीत २० मे १८७३ रोजी त्याचे पेटंट मिळवले. त्याच कंपनीने १९३४ मध्ये ‘लेडी लेव्हीज’ या नावाने स्त्रियांसाठी पहिली जीन्स काढली, आणि ती उंच कंबरेची होती. उभा धागा निळीत रंगवलेला व आडवा पांढरा ठेवून तिरप्या विणीत विणलेले डेनिमचे जाड कापड अंगाप्रमाणे सहज वळत नाही. त्यामुळे ज्या पोशाखात गाठ नाही आणि नाडीही नाही, त्यात मापाची चूक लपण्यास जागाच उरत नाही.

ही चूक बहुधा आसनात असते. दोन्ही पायांच्या शिवणी जिथे मिळतात त्या भागाला शिंपी आसन म्हणतात, आणि तिथपासून कमरपट्टीच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर म्हणजे ‘राइज’. पुढच्या बाजूने हे अंतर साधारण दहा इंच किंवा अधिक असले की जीन्स हाय-राइज समजली जाते. कमी उंचीची पट्टी नितंबांवर टेकते, तर उंच पट्टी शरीराच्या सर्वांत अरुंद भागाशी येते, म्हणून कंबर आणि नितंब यांच्या घेरांतील फरक तिथे नेमका उघड होतो : नितंबांना बरोबर असलेली जीन्स पाठीमागे फट सोडते आणि कंबरेला बरोबर असलेली नितंबांवर चढत नाही.

तयार कपड्यांचे आकडे ज्या मोजणीतून आले, तिचाही इतिहास आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९ ते १९४० या काळात सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली, पण निष्कर्षांसाठी केवळ गोऱ्या स्त्रियांची मापे धरली. भारतात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अहमदाबादच्या अरविंद मिल्सने मोठ्या प्रमाणावर डेनिम विणणे सुरू केले, हिंगोलीला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात रेमंडचा डेनिम कारखाना उभा राहिला, उल्हासनगर जीन्स शिवण्याचे मोठे केंद्र बनले. मात्र भारतीय शरीरांच्या स्वतंत्र मापनाचा ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने विसाव्या शतकानंतरच हाती घेतला, आणि त्याची योजनाही मुंबई, हैदराबाद यांसारख्या सहा शहरांतील १५ ते ६५ वयोगटातल्या २५,००० हून अधिक लोकांवर आधारलेली होती. कापूस पिकवणाऱ्या तालुक्यांतील, लहानपणापासून शेतात वाकून काम केलेल्या स्त्रियांची शरीरे अशा शहरी मापनात पुरेशी उमटतील असे गृहीत धरता येत नाही.

म्हणूनच हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीच्या बाजारात जीन्स घेणाऱ्या मुलीला अजूनही शिंप्याचे ज्ञान लागते. आधी नितंब आणि आसन जमले पाहिजे, कारण मागची मधली शिवण उसवून कंबर आत घेता येते, पायाची लांबी दुमडता येते. आसन मात्र वाढवता येत नाही, त्यासाठी लागणारे कापडच शिवणीत शिल्लक नसते. स्वतःच्या आसनाचे माप टेपने मोजून ते जीन्सच्या मापाशी ताडून पाहणारी स्त्री कंपनीच्या आकड्यावर विसंबणाऱ्या स्त्रीपेक्षा अधिक सुरक्षित असते.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. उंच कंबरेची जीन्स या भूमीतील स्त्रियांना परकी नाही, कारण पोशाख कंबरेवर तोलणे आणि पाय मोकळे ठेवणे त्यांच्या पणज्यांना अवगत होते. परके आहे ते माप नेसणारीच्या हातून काढून कारखान्याच्या आकड्याकडे सोपवणे. न बसणाऱ्या कपड्याचा दोष स्त्रीने आपल्या शरीराला देऊ नये, कारण तो दोष तिला न मोजणाऱ्या मापाचा आहे. आणि तालुक्याच्या गावी दुरुस्तीचे काम करणारे शिंपी व शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया ती उणीव रोज भरून काढत असल्याने त्यांच्या कौशल्याला वस्त्रोद्योगाच्या इतिहासात आणि त्याच्या अर्थकारणात मानाचे स्थान मिळाले पाहिजे.