बँड तोच, आवाज नवा

'इंडियन ओशन'चं 'तंदानु' हे गाणं मला आवडतं, आणि ते आवडतं म्हणून थोडं अपराधीही वाटतं. असं का होतं, हे समजायला बँडचा इतिहास बघावा लागतो.

दिल्लीत १९९० मध्ये सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी हा बँड उभा केला. सुस्मितची गिटार, असीमचा तबला आणि त्याचा तो खोल, मातीतून आल्यासारखा आवाज. मग राहुल राम आला, अमित किलम आला. २००० साली 'कंदिसा' हा अल्बम आला आणि हिंदी फिल्मी गाण्यांच्या बाहेरही काही असतं, हे देशभरातल्या कॉलेजांना कळलं. आमचा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा निघाला तो १ मे १९९९ ला. म्हणजे जिल्हा आणि 'कंदिसा' जवळजवळ एकाच वयाचे.

२५ डिसेंबर २००९ ला असीम गेला. २०१० मध्ये '१६/३३० खजूर रोड'ची गाणी आली. नाव दिल्लीतल्या त्या घराच्या पत्त्याचं, जिथे बँड सराव करायचा. दर महिन्याला एक गाणं, इंटरनेटवर, फुकट. त्या गाण्यांत असीमचा आवाज होता, कारण रेकॉर्डिंग आधीच झालेलं होतं. गाणं नवं आणि गाणारा गेलेला. २०२३ मध्ये बीटल्सचं 'नाऊ अँड देन' आलं, तेव्हा जगभरच्या फॅन्सना हेच वाटलं असेल. जॉन लेननचा सत्तरच्या दशकातल्या कॅसेटवरचा आवाज सॉफ्टवेअरने पियानोपासून सोडवून काढला होता, आणि लेननला जाऊन ४० वर्षं उलटून गेली होती.

२०१३ मध्ये सुस्मितनेही बँड सोडला. २०१४ च्या 'तंदानु' अल्बममध्ये पाहुणे कलाकार आले. शीर्षकगीतात शंकर महादेवन आहेत. गाणं उसळतं, नाचवतं. पण माझे कान त्यात असीमला शोधत राहतात. हा तोच बँड म्हणायचा, की फक्त नाव तेच? २०२२ मध्ये रमण नेगी 'द लोकल ट्रेन'मधून बाहेर पडला, तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी हाच प्रश्न स्वतःला विचारला असेल.

माझ्याकडे याचं उत्तर आहे ते झाडीपट्टीतून आलेलं. आमच्याकडे दिवाळी झाली, धान कापून झालं की मंडई भरते आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. तो होळीपर्यंत चालतो. बऱ्याच नाट्यमंडळ्यांचं ठाणं गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं, गाणी तिथल्या तिथे वाजतात. कलाकार हंगामागणिक मंडळी बदलतात. गेल्या वर्षीची नायिका यंदा दुसऱ्याच मंडळीत दिसते. लोक जुन्या नटाची आठवण काढतात, नव्याला नावं ठेवतात, आणि तरी शाल गुंडाळून पहाटेपर्यंत बसतात. आठवण काढणं आणि बसून राहणं यांत त्यांना विरोध वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. 'कंदिसा' हे शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिश्चनांच्या जुन्या अरामी प्रार्थनेवरून आलं. 'मा रेवा' नर्मदा खोऱ्यातल्या लोकगीतावरून. राहुल राम तेव्हा नर्मदा बचाओ आंदोलनात काम करत होता. 'हिल्ले ले' गोरख पांडेय यांच्या कवितेवरून. म्हणजे ज्या गाण्यांना आपण असीमची 'ओरिजिनल' म्हणतो, ती त्याच्याही आधी कुणाच्या तरी तोंडात होती. नर्मदाकाठच्या एखाद्या आजीला बँडचं 'मा रेवा' ऐकून वाटलं असेल, चांगलं आहे बाई, पण आमच्यासारखं नाही. आज मी जिथे उभी आहे, तिथे ती माझ्याआधीच उभी होती.

म्हणून नव्या गाण्याला 'गद्दारी' म्हणणं मला पटत नाही. पण 'काळ पुढे जातो, तुम्हीही जा' असं सांगणाऱ्यांचंही पटत नाही. आवाज ही बदलता येणारी तार नव्हे. माणूस गेला की त्याच्या श्वासाची जागाही रिकामी होते, आणि कान ती मोजतात.

मी बँड ऐकायला लागले तेव्हा असीम गेलेला होता. तो कधी गेला हे माझ्या फोनला ठाऊक नाही. शफलवर 'कंदिसा'नंतर 'तंदानु' लागतं, मधली १४ वर्षं एका सेकंदात संपतात. ती वर्षं भरून काढणं ऐकणाऱ्याचं काम आहे. मी 'तंदानु' मोठ्याने लावते, पाय ठेका धरतात, आणि असीमची उणीवही जाणवत राहते. गाणं त्यामुळे कमी होत नाही.