माणसाचे शरीर मांसाहारासाठी बनले आहे का?

श्रावण जवळ आला की आमच्या आंबिवलीत हा वाद निघतोच. एक म्हणतो, "आपल्याला सुळे आहेत, म्हणजे आपण मांसाहारी." दुसरा म्हणतो, "आपले आतडे लांब आहे, म्हणजे शाकाहारी." दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. मोठे सुळे पाला खाणाऱ्या वानरालाही असतात. आणि आपले लहान आतडे सुमारे 6 मीटर असले, तरी गाईच्या मानाने ते तोकडेच.

मग आपल्या भागातली माणसे पूर्वी काय खात होती? पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. वस्ती इ.स.पू. 1600 ते 700 दरम्यानची. तिथे सातू, गहू, मसूर यांचे जळालेले दाणे सापडले. तशीच गुरांची, शेळ्यामेंढ्यांची, हरणांची हाडेही. उत्खनन करणाऱ्यांच्या मते, शेवटच्या काळात पाऊस कमी झाला, शेती मागे पडली आणि लोक पशुपालन व शिकारीकडे वळले. शरीर तेच राहिले, ताट बदलले.

आपली लाळ पिष्ट पचवायला लागते, जठरातले पेप्सिन डाळीतली आणि मांसातलीही प्रथिने फोडते. म्हणजे शरीररचना दोन्हींना मुभा देते, सक्ती कशाचीच करत नाही.

शाकाहारी असाल तर दूध-दही नियमित घ्या, कारण बी-12 जीवनसत्त्व धान्य-भाज्यांतून मिळत नाही. हातापायांना मुंग्या येत असतील तर रक्त तपासून घ्या. मांसाहारी असाल तर डाळ-भाजी सोडू नका.