गेंड्याच्या पायांतली बेडी

परवा दिवाळीच्या झाडलोटीत चित्रांचे एक जुने पुस्तक हाती लागले. आता झाडू कोण हाती धरतो! माझी आठ वर्षांची नातही शेजारी येऊन बसली. सोळाव्या शतकातील युरोपातली ठशांची चित्रे होती ती. शिकारीची दृश्ये पुष्कळ : घोडेस्वार, कुत्री, भाले, आणि मध्ये कोंडीत सापडलेले जनावर. मग एका पानावर एकटाच गेंडा दिसला. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्ट ड्यूररचा, १५१५ सालचा. अंगावर जणू पोलादी चिलखत, पायांवर खवले आणि खांद्यावर आणखी एक इवलेसे शिंग!

"आजोबा, हे दुसरं शिंग कुठलं?"

"चित्रकाराच्या मनातलं," मी म्हणालो. ड्यूररने गेंडा कधी पाहिलाच नव्हता. लिस्बनहून आलेले वर्णन आणि एक कच्चे रेखाटन, एवढ्यावर त्याने तो उभा केला.

गेंडा मात्र खरा होता, आणि आपल्याकडचा होता. गुजरातच्या सुलतान दुसऱ्या मुझफ्फरशहाने तो पोर्तुगीजांना नजर केला. गोव्याच्या आल्बुकर्कने तो आपल्या राजाला, मानुएलला, पाठवला. २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने गेंडा पाहिला नव्हता. राजाने ३ जूनला हत्तीशी त्याची झुंज लावली. हत्तीनेच पळ काढला.

मी पान उलटले. आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायरने त्याच वर्षी काढलेला तोच गेंडा. पण याला चिलखत नाही, जादा शिंग नाही.

"आजोबा, याचे पाय बांधलेत!"

खरेच, पुढच्या पायांत बेडी होती. इतकी वर्षे ते पुस्तक माझ्या घरात होते. ती बेडी माझ्या डोळ्यांत कधी भरलीच नव्हती.

मानुएलने पुढे तो गेंडा पोप दहाव्या लिओला भेट म्हणून धाडला. १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडाले. गेंड्याला एरवी पोहता येते. पण हा साखळदंडाने जखडलेला होता.

ड्यूररचा चिलखती वीर पुढे अडीचशे वर्षे ग्रंथाग्रंथांतून मिरवला. बुर्कमायरच्या ठशाची एकच प्रत आज व्हिएन्नात उरली आहे. जगाला वीर आवडला, कैदी नको होता.

नातीने विचारले, "त्याला कुणी सोडलं का नाही?" मी पुस्तक मिटले. उत्तर अजून दिलेले नाही.