दिढीचे बी, दुपटीचे बी

बियांचे ग्रंथालय म्हटले की ते परदेशी खूळ वाटते. पुस्तकासारखे बी न्यायचे, पेरायचे, सुगीला परत आणून द्यायचे. अमेरिकेत सार्वजनिक ग्रंथालयांत अशी कपाटे आली तेव्हा पेन्सिल्व्हेनियाच्या कृषी खात्याने २०१४ साली एका ग्रंथालयाला चक्क बियाणे कायदा दाखवला होता. आपल्याकडे बी उसने घ्यायला कपाट कधी लागलेच नाही.

अलोऱ्याचेच घ्या. चिपळूण तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले हे गाव बाहेरच्यांना माहीत आहे ते कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे. पण इथल्या शेतीचा जीव भातात. मृगात रोपांसाठी तरवा टाकायचा. पावसाने दडी मारली की तो करपतो, झड लागली की कुजतो. मग दुबार पेरायला बी कुठले? शेजारच्या कणगीतले. तिथेही नसले, तर खोताच्या किंवा सावकाराच्या कोठारातले.

शेजाऱ्याचे बी मापास माप फिटायचे. सावकाराचे सवाईने किंवा दिढीने. ज्येष्ठात मणभर न्यायचे, कार्तिकात दीड मण घालायचे. वरवर पाहता यात जड काहीच नाही. लावणीच्या भाताला एकरी साधारण पंधरा किलो बी लागते आणि बऱ्या साली त्याचे आठ-दहा क्विंटल होतात. त्यातून आठ किलो जास्त गेले तर काय बिघडले? बिघडायचे ते दुसरीकडे. अर्धेलीचे कूळ असेल तर निम्मे पीक खोताचे. उरल्यातून पावसाळ्यात खाल्लेली खावटीही फेडायची. आणि एखादे साल बुडाले की दीड मणावर पुन्हा दिढी, म्हणजे सव्वादोन मण. इंग्रज सरकारने १८८४ च्या कायद्याने बियाण्यासाठी तगाईची सोय केली, खोती तर १९४९ च्या कायद्याने गेली. दिढी मात्र कायद्याला भ्यायली नाही. तिला मागे सारले ते सुधारित वाणांनी. बी दुकानात गेले आणि उसने मागण्याची रीतच मागे पडली.

ती परत आणली अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी बायफ संस्थेच्या साथीने गावरान बियांची बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बँकेचा नियम असा : न्याल त्याच्या दुप्पट परत आणा. म्हणजे हिशेबाने ही दिढीहून महागच! पण वाढीव माप कोणाच्या कोठारात जात नाही. त्यातले काही पुढच्या माणसाला मिळते, काही किडीला आणि न उगवणाऱ्या दाण्यांना धरून ठेवलेले असते. शिवाय घेतले तेच वाण परत यावे लागते, बाजारातले दुसरे आणून भागत नाही. सावकाराला धान्याशी मतलब होता, वाणाशी नव्हता.

वाण राखणे हीच यातली खरी कारागिरी. भात त्या मानाने सोपे. त्याचा फुलोरा स्वतःच्याच परागावर फळतो, म्हणून शेताच्या मधल्या, ठसठशीत लोंब्या वेगळ्या काढल्या की वर्षानुवर्षे बी शुद्ध राहते. संकरित भाताचे मात्र दुसऱ्या वर्षी भलतेच काहीतरी उगवते. दोडक्या-पडवळाचे दुखणे निराळे : कीटक शेजारच्या वेलावरचा पराग घेऊन येतात आणि वाण भेसळते. म्हणून एका परसात एकच वाण लावावे. बियाण्याचा दोडका वेलावरच वाळू द्यायचा, मग चुलीवरच्या आढ्याला टांगायचा; धुरात कीड लागत नाही. घरोघरी गॅस आला आणि हे धुराचे कोठारही गेले. त्याची कुठे नोंद नाही, पण माझ्या मते गावठी बी जाण्यात दुकानाइतकाच या गॅसचाही वाटा असावा.

कायद्याची भीती बाळगायचे कारण नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, इतकेच काय विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बी तेवढे ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. तेव्हा तुमच्या घरी जुन्या भाताची एखादी गाठोडी उरली असेल, तर मृगाआधी त्यातल्या दोन ओंजळी शेजारी द्या. वाणाचे नाव आणि कोणत्या साली पिकवले ते चिठ्ठीवर लिहून आत टाका. दुपटीची अट घालायला विसरू नका.