स्मारकशिला, कोकणातील

युद्धात, गोधनाच्या रक्षणात किंवा समुद्रावरील झुंजीत मरण आलेल्या, बहुधा राजकुलाबाहेरील व्यक्तींच्या स्मरणार्थ कोकणपट्टीत उभारलेले कोरीव दगड. वीराच्या स्मारकास वीरगळ आणि सहगमन करणाऱ्या स्त्रीच्या स्मारकास सतीशिळा म्हणतात. ‘वीरगळ’ हा शब्द कन्नडमधील ‘वीर’ व ‘कल्लु’ (दगड) यांवरून आलेला आहे. या शिलांपैकी बऱ्याचशा शिलाहार, कदंब व यादव यांच्या काळातील, म्हणजे साधारणपणे इ. स. अकरावे ते चौदावे शतक यांदरम्यानच्या असून ही प्रथा त्यानंतरही चालू राहिली. देवळाचे आवार, गावाची शीव, तळ्याचा काठ व घाटवाट ही त्यांची नेहमीची स्थाने होत. येणाऱ्याजाणाऱ्याच्या दृष्टीस पडावे, या हेतूनेच ही स्मारके उभारली जात. म्हणून वाटेने जाणारा प्रवासी हाच त्यांचा खरा वाचक ठरतो.

राजस्मारक व खासगी स्मारक : दक्षिण कोकणच्या इतिहासाची लिखित साधने मुख्यतः राजसत्तेशी निगडित आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खारेपाटण येथे सापडलेला शिलाहार रट्टराजाचा शके ९३० (इ. स. १००८) मधील ताम्रपट हे त्याचे उत्तम उदाहरण होय. याच जिल्ह्यातील पोंभुर्ले गावचे बाळशास्त्री जांभेकर यांनी तो प्रथम प्रसिद्ध केला. त्यात राष्ट्रकूट व शिलाहार या दोन्ही घराण्यांची वंशावळ आहे, अव्वेश्वराच्या देवालयास दिलेल्या दानाचा तपशील आहे आणि परद्वीपाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजाकडून एक सुवर्ण गद्याण घ्यावा, अशी तरतूदही आहे. जहाजावरील कराची अशी नोंद झाली. पण ते जहाज हाकणाऱ्या वा त्याचे रक्षण करताना मेलेल्या माणसाची नोंद ताम्रपटात होण्याचे कारण नव्हते. मालवणच्या किनाऱ्यावर हाच फरक पुढील काळातही जाणवतो. १६६४ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी झाली. शिवाजी महाराजांच्या हाताचा व पायाचा म्हणून दाखविला जाणारा चुन्यातील ठसा किल्ल्यात जपलेला आहे. तसेच राजाराम महाराजांच्या काळात उभारलेले शिवराजेश्वर मंदिरही तेथे आहे. राजाची स्मृती अशी मंदिराच्या व परंपरेच्या आधाराने टिकली. सामान्य वीराच्या स्मृतीला एका दगडापलीकडे आधार नव्हता.

स्वरूप व वाचन : वीरगळ ही उभी आयताकार शिला असून तिचा दर्शनी भाग आडव्या पट्ट्यांनी तीन किंवा चार कप्प्यांत विभागलेला असतो. तिचे वाचन खालून वर करावयाचे असते. सर्वांत खालच्या कप्प्यात आडवा पडलेला मृत वीर किंवा त्याचा अखेरचा लढा दाखवितात. शेजारी गाई कोरलेल्या असल्यास मरण गोधनाच्या रक्षणात आले, असे समजावे. त्यावरील कप्प्यात अप्सरा वीराला स्वर्गाकडे नेत असतात. त्याच्याही वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो व बहुधा लिंगाच्या दुसऱ्या बाजूस पूजा करणारा पुरोहित वा साधू असतो. माथ्यावर कलश आणि सूर्य-चंद्र असतात. सूर्य-चंद्र असेतोवर ही कीर्ती टिकावी, असा त्यांचा अर्थ होय. दानपत्रांतील ‘आचंद्रार्क’ या शब्दाचेच ते चित्ररूप म्हणता येईल. मालवणच्या किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्यावरही गणपतीबरोबर सूर्य-चंद्र कोरलेले आहेत.

सतीशिळेची खूण म्हणजे कोपरात काटकोनात वळलेला, बांगड्या भरलेला हात. सहगमन वीरपत्नीने केले असल्यास काही वेळा एकाच शिलेवर वीरगळ व सतीचा हात दोन्ही आढळतात. या दोहोंहून गद्धेगाळ वेगळी ओळखली पाहिजे. तीवर स्त्री व गाढव यांचे शिल्प असते. परंतु ते स्मारक नसून दान मोडणाऱ्यास दिलेली शापवाणी होय. अलिबागजवळील अक्षी येथील, शके ९३४ (इ. स. १०१२) असा काळ वाचला गेलेला मराठी शिलालेख अशाच शिलेवर आहे. केवळ जुना कोरीव दगड दिसला म्हणून त्यास वीरगळ म्हणणे, ही हौशी अभ्यासकांकडून वारंवार होणारी चूक आहे.

समुद्रावरील झुंजी : नाविक युद्धाचे चित्रण हे कोकणातील वीरगळांचे वैशिष्ट्य होय. मुंबईतील बोरिवलीजवळच्या एक्सर येथील सहा शिलांची नोंद १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये सविस्तर केलेली आहे. त्यांतील मोठ्या शिलेची उंची सुमारे तीन मीटर नोंदलेली आहे. काही शिलांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे एकामागोमाग चालून येताना दिसतात; वरच्या कप्प्यांत त्याच लढाईतील वीर शिवलोकी पोहोचतात. यादव राजा महादेव (कार. १२६१–७१) व उत्तर कोकणचा अखेरचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यातील लढ्याशी या शिलांचा संबंध काही विद्वानांनी जोडला आहे. सोमेश्वर समुद्रात बुडून मेला, असे महादेवाचा मंत्री हेमाद्री याने सूचित केले आहे. तथापि शिल्पशैलीवरून या शिला त्यापूर्वीच्या असाव्यात, असेही मत मांडले गेले आहे. गोव्याच्या कदंबांच्या काळातील जहाजांचे शिल्प असलेले वीरगळही उपलब्ध असून जुने गोवे येथील पुरातत्त्व संग्रहालयात त्या काळातील वीरगळ व सतीशिळा ठेवलेल्या आहेत. उत्तरेकडील ठाणे-मुंबई व दक्षिणेकडील गोवे यांच्या मधोमध सिंधुदुर्गचा किनारा येतो. एकाच सागरी व्यवहारातील माणसांची ही स्मारके असल्यामुळे या किनाऱ्यावरील शिलांकडे त्या दोन टोकांच्या संदर्भातच पाहणे इष्ट ठरते.

ईजिप्तमधील थडग्यांशी तुलना : राजेतर व्यक्तींच्या स्मारकांचे जगातील सर्वांत समृद्ध उदाहरण म्हणजे प्राचीन ईजिप्तमधील अधिकाऱ्यांची व कारागिरांची थडगी. लक्सरसमोर नाईलच्या पश्चिम तीरावर, थीबीझच्या टेकड्यांत, अशी चारशेहून अधिक क्रमांकित थडगी आहेत. गार्डिनर व वायगॉल यांनी १९१३ मध्ये त्यांची पहिली पद्धतशीर सूची प्रसिद्ध केली. फेअरोच्या थडग्यात मुख्यतः परलोकाचे देव व विधी चितारलेले असतात. खासगी थडग्यांत मात्र नांगरणी, कापणी, विटा पाडणे, धातुकाम असे व्यवहार दिसतात. वजीर रेखमिरे याचे थडगे या दृष्टीने प्रसिद्ध आहे. मृताचे दफन बंद विवरात होई. परंतु त्यावरील चित्रित दालन भेट देणाऱ्यांसाठी खुले ठेवीत. ‘पृथ्वीवर जिवंत असणाऱ्यांनो’ अशा संबोधनाने तेथील लेख वाटसरूस थांबावयास आणि मृताच्या नावे भाकरी व मद्य यांच्या दानाचे शब्द उच्चारावयास सांगतात. प्राचीन काळीही लेखक लोक अशी थडगी पाहण्यास जात व शाईने आपली नावे तेथे लिहून ठेवीत.

कोकणातील शिलेचाही वाटसरूवर असाच भरवसा आहे. परंतु दोहोंत एक मूलभूत भेद आहे. ईजिप्तमध्ये नाव हाच स्मारकाचा प्राण होता. नाव खोडणे म्हणजे माणसाचा दुसरा मृत्यू मानीत. कर्नाटकातील वीरगळांवरही नाव, प्रसंग व काळ देणारे लेख विपुल आहेत. महाराष्ट्रातील व कोकणातील बहुसंख्य शिला मात्र लेखरहित आहेत. उभारणाऱ्यांना नाव लिहिण्याची गरज वाटली नसावी. दगड कोणाचा, हे गावास ठाऊक होते. पुढे गाव विसरले आणि नाव गेले. आता ती शिला कोठे उभी आहे, एवढीच त्या माणसाची ओळख उरते. शिवेवरचा वीरगळ शिवेच्या तंट्याची किंवा गुरांच्या लुटीची, खाडीकाठचा वीरगळ जलयुद्धाची आणि घाटवाटेवरचा तांड्याच्या रक्षणाची शक्यता सुचवितो. लेखरहित शिलेचे स्थान हाच तिचा लेख होय.

पाहणी : या शिला पाहण्यास स्वतंत्रपणे जाणाऱ्याने पावसाळ्यानंतरचा काळ निवडावा, पावसात शिलांवर शेवाळ धरते व वाटाही गवताने झाकल्या जातात. सकाळची वा सायंकाळची तिरपी उन्हे झिजलेल्या शिल्पाचा उठाव स्पष्ट करतात. माध्यान्ही तेच शिल्प सपाट दिसते. कोकणातील जांभ्या दगडावर बारीक काम टिकत नसल्यामुळे त्यावरील आकृती ओबडधोबड झालेल्या असतात आणि त्या धीराने पाहाव्या लागतात. दक्षिण कोकणात अशी शिला कित्येकदा राखणदार किंवा मूळपुरुष म्हणून ग्रामदेवतेच्या परिवारात पूजिली जाते. म्हणून गुरव व गावचे मानकरी यांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नये. शेंदूर खरवडणे, खडूने रेषा भरणे किंवा तेल चोळून छायाचित्र घेणे यांमुळे शिल्पाची हानी होते. शिलेची उंची, रुंदी, तोंडाची दिशा, कप्प्यांची संख्या, जवळचे देऊळ, पाणी व वाट आणि गावात सांगितली जाणारी हकिकत यांची नोंद करावी. हकिकत खरी नसली, तरी शिला पूर्वी कोठे होती, याचा धागा तीतून मिळू शकतो.

संरक्षण : शंभर वर्षांहून जुनी शिल्पे १९७२ च्या पुरावशेष अधिनियमाखाली येत असली, तरी गावोगाव विखुरलेल्या बहुसंख्य वीरगळांना संरक्षित स्मारकाचा दर्जा नाही. एस्. सेट्टर व गुंथर सोनथायमर यांनी संपादिलेल्या १९८२ मधील ग्रंथामुळे स्मारकशिलांच्या अभ्यासास शास्त्रीय बैठक मिळाली. परंतु गाववार सूची हे काम अद्याप बरेचसे स्थानिक अभ्यासकांच्या श्रमांवर अवलंबून आहे. शेंदूर व पूजा यांनी अनेक शिला आजवर राखल्या. खरा धोका देवळांचे जीर्णोद्धार व रस्त्यांची रुंदी वाढविणे यांतून उद्भवतो. अशा वेळी शिला फोडल्या जातात, पायात घातल्या जातात किंवा सद्‌भावनेने उचलून दुसरीकडे मांडल्या जातात. या स्थानांतराने काय गमावते, हे ईजिप्तमधील नेबामून याच्या थडग्यावरून कळते. त्यातील भित्तिचित्रे १८२० च्या सुमारास कापून काढण्यात आली व ती लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात उत्तम स्थितीत आहेत. पण ते थडगे नेमके कोठे होते, हे आता कोणास ठाऊक नाही. नेबामूनचे नाव तरी चित्रांबरोबर टिकले. कोकणातील वीराजवळ नाव नाही. त्याची शिला जागेवरून हलली आणि तिच्या स्थानाची नोंदही राहिली नाही, तर त्याच्या ओळखीचा शेवटचा पुरावाच नाहीसा होतो.