बोरघाटातल्या मंजुऱ्या

14 जून 1858 रोजी पुणे–खंडाळा रेल्वे सुरू झाली. गाडी वडगाव मावळच्या शिवारातून धावू लागली, पण खंडाळ्याला उतारूंना बोचकी घेऊन खाली उतरावं लागे. पुढचा बोरघाट पालखीत नाहीतर तट्टावर बसून उतरायचा आणि पायथ्याला मुंबईची गाडी धरायची. घाटातल्या लोहमार्गाचं काम 1856 पासून चालू होतं. जवळजवळ सोळा मैलांचा मार्ग, 25 बोगदे, 37 फुटांमागे एक फूट चढण. विलंबाचं खापर सह्याद्रीवर फोडणं सोपं होतं.

1858 सालीच लंडनमध्ये मात्र, हिंदुस्थानातल्या रेल्वेला उशीर का होतो, हे तपासायला संसदेची समिती बसली. तिथे डोंगरांबरोबर कागदांचाही विषय निघाला.

मूळ होतं 1849 च्या करारात. हा मार्ग बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या भागधारकांना सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. नफा कमी पडला तर भरपाई हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे मावळच्या शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्यातूनही व्हायची. अशा खर्चावर सरकारची नजर हवीच होती. पण नजर ठेवण्याची रीत दुहेरी झाली. जेम्स बर्कले यांच्यासारखा कंपनीचा मुख्य अभियंता आराखडा करी. तोच आराखडा सरकारचा सल्लागार अभियंता पुन्हा तपाशी. वर मुंबई सरकार, समुद्रापलीकडे कंपनीचं संचालक मंडळ आणि त्यांच्यावर देखरेख करणारे लंडनमधले सरकारी अधिकारी. बारीकसारीक बाबींनाही मंजुरी लागते, अशी कंपन्यांची तक्रार होती.

इतक्या तपासण्या होऊनही एक गोष्ट निसटली. घाटाचा ठेका विल्यम फॅव्हिएल यांच्याकडे होता, त्यांच्या हाताखाली पोटठेकेदार आणि त्यांच्याखाली हजारो मजूर. दगड फोडणाऱ्याच्या हातात मजुरी पडली की नाही, याची खात्री आराखड्यांवरच्या सह्यांच्या साखळीतून होत नव्हती. जानेवारी 1859 मध्ये मजुरी थकलेल्या मजुरांनी युरोपीय पर्यवेक्षकांवर हल्ला केला. पुढे दोनच महिन्यांत फॅव्हिएल यांनी ठेका सोडला. 1860 साली नववा कायदा आला. रेल्वे आणि सार्वजनिक कामांवरच्या मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्याने झटपट मिटवावेत, अशी तरतूद त्यात होती.

नवे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल कामावर आले आणि थोड्याच दिवसांत वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ठेका हातचा जाऊ दिला नाही. अॅडमसन आणि क्लाउझर या जाणत्या माणसांवर व्यवस्था सोपवून त्यांनी काम तडीस नेलं. ऐन भरात बेचाळीस हजार माणसं घाटात राबत होती. 1863 च्या एप्रिलमध्ये गाडी घाट चढली.

लोहमार्गापाठोपाठ लोणावळा वाढलं, 1877 मध्ये तिथे नगरपालिका आली. वडगावला नगरपंचायतीसाठी 2018 उजाडावं लागलं. अशा संस्थांत आज गटार किंवा रस्त्याच्या कामाला प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, देयक अशा पायऱ्या चढाव्या लागतात. प्रत्येक पायरीला कारण आहे. जाच होतो तो एकाच ठेकेदाराला तेच नोंदणीपत्र आणि तेच पॅनकार्ड प्रत्येक निविदेला नव्याने जोडायला लावलं की. छोट्या ठेकेदाराचा दिवस त्यात जातो. त्याचं बिल लांबलं की मजुराची मजुरीही लांबते.

यावर काही उपाय झालेत आणि ते साधे आहेत. 9 मार्च 2015 च्या शासन निर्णयाने, कायद्याने सक्ती नसेल तिथे, प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि राजपत्रित अधिकाऱ्याच्या शिक्क्याऐवजी अर्जदाराची स्वतःची सही पुरेशी ठरवली. राज्याच्या महाटेंडर्स या ई-निविदा संकेतस्थळावर ठेकेदार नेहमीचे कागद एकदा चढवून आपल्या खात्यात ठेवू शकतो आणि तेच पुढच्या निविदांना जोडू शकतो. हे कागद पुन्हा छापील संचात मागवणाऱ्या कार्यालयाने मात्र ही सोय फुकट घालवली, असंच म्हणावं लागेल.

कंत्राटी कामगारांच्या 1970 च्या कायद्याने घाटातली ती जुनी फटही बुजवू पाहिली. 2025 पर्यंत लागू असलेल्या त्या कायद्यानुसार मजुरी वाटताना मुख्य मालकाचा प्रतिनिधी हजर लागे, वाटप झाल्याची सही त्याने करायची असे आणि ठेकेदाराने पैसे बुडवले तर ते मुख्य मालकाने द्यायचे असत. काम काढणारी नगरपालिका असेल, तर ही जबाबदारी तिची असे. पॅनकार्ड एकदा पाहिलं की पुरतं. या महिन्याची मजुरी पोहोचली का, हे मात्र दर महिन्याला मजुरासमोर उभं राहूनच पाहावं लागतं.